बॅटरी उतरल्याचा सविनय खुलासा

तीर्थस्वरूप बाबांना,

घरजावयाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे या खेपेला खुर्चीत बसूनच; ती का धरली ते ओघात येईल). तुमच्या थोरल्या लेकीच्या, म्हणजे ताईंच्या, पत्रावरून कळलं की पट्टी निघाली, उजव्या डोळ्याने तुम्हाला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजता येतात, आणि एक टॉवेल दोन दिवस तसाच लोंबतोय म्हणून तुम्ही त्या लोकांना निरोपही धाडलात. वाचून इकडे सगळ्यांना हायसं वाटलं. तब्येत पूर्वपदावर आल्याची याहून चांगली खूण नाही. डाव्या डोळ्याबद्दल ताईंनी वेगळ्या पाकिटात लिहिलं होतं. ते पाकीट तुमच्या धाकट्या लेकीच्या नावावर होतं, तिने वाचून कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली, त्यामुळे त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. बाकी इकडे सगळं क्षेमकुशल आहे, म्हणजे माणसांचं.

हे पत्र नेहमीसारखं ताईच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. ताईंना एक विनंती. कंसातला मजकूर मनात वाचावा. बाबांना कंस ऐकू येत नाहीत असं धरूनच मी ते लिहितो.

तर तुमचं मागचं पत्र. त्यात लेकीची चौकशी नव्हती, माझी तर नसतेच. एकच ओळ होती: बॅटरी कशी आहे? तुम्ही ऑपरेशनसाठी ताईंकडे गेलात त्याला अकरा आठवडे झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे मी दहा अहवाल पाठवले. दहाही अहवालांत 'बॅटरी ठीक' असं लिहिलं आहे. छापखान्यात बसून लोकांच्या चुका तांबड्या शाईने दाखवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण माझ्या त्या दहा पत्रांत एकच चूक आठ वेळा राहून गेली, ती आज दुरुस्त करतो. पहिले दोन अहवाल खरे आहेत. तिसऱ्यापासून पुढे बॅटरी ठीक नाही. आत्याबाई आठ रविवार गप्प आहेत. (ताई, शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांना सांगा की आत्याबाई म्हणजे आमची गाडी, भोंग्याच्या आवाजावरून नाव पडलेली. नाहीतर लोक भेटायला येतील.)

परिस्थितीचं गांभीर्य मला कळत नाही असं समजू नका. येत्या गुरुवारी तुम्ही परत येणार. रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबची वार्षिक फेरी. गेली बावीस वर्षं त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे आत्याबाई आणि आत्याबाईंच्या स्टिअरिंगवर तुम्ही. निघताना फाटकात तुम्ही मला म्हणाला होतात, "आल्यावर पहिल्या सेल्फला गाडी लागली, तर तुमचं पुढचं बघू." माझं पुढचं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली. आत्याबाईंना मी धुतलं, पुसलं, ढकललं, त्यांच्या पोटाखाली निजलो. त्यांच्या ड्रायव्हरच्या सीटवर मात्र आजवर एकदाच बसलो, तेही त्या बंद असताना आणि तुम्ही दाढी करायला गेला होतात तेव्हा. तेव्हा गाडी लागणं न लागणं ही माझ्यासाठी नुसती गाडीची गोष्ट नाही.

आता क्रमाने सांगतो. तुम्ही दिलेली वही मी पहिल्या दिवशी मन लावून वाचली. 'बॅटरी: पाळावयाचे नियम' या मथळ्याखाली एकतीस नियम आहेत. बॅटरी सहा व्होल्टचीच, बारा व्होल्टची कोणी फुकट दिली तरी फाटकाच्या आत आणू नये. गाडी उभी असेल तर एक वायर सोडून ठेवावी. (हा नियम क्रमांक दोन. मी तो रोज पाळायचं ठरवलं आणि एक दिवसही पाळला नाही. पाळला असता तर या पत्राची गरजच पडली नसती, हे मला कालच कळलं.) टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली तर सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावावं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिन्ही बुचं उघडून प्रत्येकी दोन चमचे डिस्टिल्ड वॉटर घालावं. बॅटरीच्या डब्याचं झाकण कोणीही, कोणत्याही कारणाने, उघडू नये. हा शेवटचा नियम चौथाही आहे, सतरावाही आहे आणि एकतिसावाही. मला वाटलं नजरचुकीने तीनदा आला असेल, आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली. त्याबद्दल क्षमा असावी.

पहिले दोन रविवार यथासांग झाले. नऊला बुचं उघडली, काचेच्या नरसाळ्यातून पाणी घातलं, खाली फरशीवर नेहमीचा ओला डाग पडला (आत्याबाईंना घाम येतो, असं तुम्ही मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि मी ते मानून चाललो), दारातून हात घालून सेल्फ मारला, अर्धा तास इंजिन चालवलं. तिसऱ्या रविवारी सेल्फ मारला तर आतून एक सुस्कारा आला आणि पुढे काही नाही. मी बॅटरी काढून मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी दणदणीत भरून दिली. घरी येऊन मी वायरी जोडायला बसलो आणि इथे माझा धंदा माझ्या अंगाशी आला.

वहीत लिहिलं होतं: 'प्लस गाडीच्या अंगाला, मायनस आत.' आता आमच्या शेजाऱ्यांची गाडी, छापखान्याचा टेंपो, रस्त्यावरची कुठलीही गाडी बघा, मायनस अंगाला असते. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून लिहिताना अदलाबदल झाली, असं मी धरलं. सव्वीस वर्षं मी हेच करत आलो आहे. लेखकाला काय म्हणायचं होतं ते ओळखून तसं करून टाकायचं, त्याला विचारत बसायचं नाही. मी वहीत तांबड्या शाईने दुरुस्ती केली आणि त्याप्रमाणे जोडणी केली. प्लसचा खुंट जाड, मायनसचा बारीक, त्यामुळे एक क्लँप बसेना आणि दुसरा डुगडुगायला लागला, तरी मला शंका आली नाही. एकाला हातोडीने समजावलं आणि दुसऱ्याला कागदाची घडी घातली. गाडी लागली. अँपिअरचा काटा मात्र उलट्या दिशेला कलला. तो बिघडला असेल, असं मी ठरवलं. दहा मिनिटांत घरभर जळक्या रबराचा वास सुटला आणि तुमची लेक खिडकीतून म्हणाली की स्वयंपाकघरात काही नाही, तुमच्याकडेच बघा.

मिस्त्री आले, त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. हसत होते. या वयाच्या गाड्यांना प्लसच अंगाला असतो, हे त्यांनी मला सात वर्षांच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. डायनामोला पुन्हा सरळ वाटेवर आणायला त्यांना अख्खी दुपार लागली. वहीतली माझी तांबडी दुरुस्ती मी खोडली आहे आणि 'मूळ पाठ बरोबर' असं समासात लिहून सही केली आहे. इतक्या वर्षांत असं लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

वाटलं, संपलं. पण सोमवारी भरलेली बॅटरी रविवारी पुन्हा थंड. पुन्हा भरून आणली, पुन्हा थंड. मी मिस्त्रींना म्हटलं, झाकण उघडून आत काय झालंय ते बघा. तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाले, बाबा येऊ देत, त्यांच्यासमोर बघू. मला वाटलं, एवढी निष्ठा आजकाल कुठे बघायला मिळते. तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला न सांगता नवी बॅटरी आणून बसवायची. (ताई, हे वाक्य कंसाबाहेर आहे याची मला कल्पना आहे. कधीतरी सांगायलाच हवं.)

बॅटरीच्या दुकानदाराला आधी सहा व्होल्ट हा शब्दच पटेना. सहा व्होल्ट खेळण्यात असतात, असं त्याचं म्हणणं. त्याने मला बारा व्होल्टच्या फायद्यांवर वीस मिनिटं ऐकवलं आणि शेवटी, गाडीच बदलून टाका, असा सल्ला दिला. मग त्याने जिला कधीच पाणी घालावं लागत नाही अशी एक बंद डब्याची बॅटरी काढली. मी विचारलं, मग रविवारी नऊ वाजता करायचं काय? त्याने ती पुन्हा फळीवर ठेवली. बॅटरी निवडताना व्होल्ट, ताकद, डब्याची लांबी-रुंदी-उंची आणि कुठला खुंट कुठल्या बाजूला हे सगळं बघावं, असं तुमच्या वहीत आहे. मी सगळं कागदावर नेलं होतं, दोऱ्याने मोजून. फक्त उंची मोजताना दोरा जरा ताणला गेला होता.

सहा व्होल्टची एक शेवटी त्याच्या माळ्यावर सापडली. तिच्याबरोबर त्याने बारक्या वायरी दिल्या. व्होल्ट निम्मे म्हणजे वायरी निम्म्या, असा त्याचा हिशोब. तो बरोबर उलटा आहे, सहा व्होल्टला दुप्पट जाड वायर लागते, हे सेल्फ मारल्यावर वायरी हाताला चटका देण्याइतक्या तापल्या तेव्हा मला समजलं. त्यात बॅटरी बोटभर जास्त उंच. तिची जागा ड्रायव्हरच्या पायाखाली, वर पत्र्याचं झाकण. ते बसेना म्हणून मी त्यावर उभा राहिलो. झाकण बसलं, म्हणजे दोन्ही खुंटांवर एकाच वेळी बसलं, आणि जो कडाड आवाज झाला त्यासरशी मी दारातून बाहेर पडलो तो थेट फुलझाडांच्या कुंडीवर. कंबर ती. कुंडी गेली. झाकणाला एक काळा ठिपका पडला आहे, तो पुसला जात नाही. बॅटरी दुकानदाराने परत घेतली, पण या माणसाला पुन्हा काही विकू नका असं त्याने आतल्या माणसाला सांगितलं ते मी ऐकलं.

हात टेकले, आणि गेलो क्लबच्या अध्यक्षांकडे. ते पूर्वी दातांचे डॉक्टर होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. अस्सलपणा या विषयावर ते दीड तास बोलले. गाडी अस्सल असावी, नट अस्सल असावा, धूळसुद्धा शक्यतो त्याच काळातली असावी. (त्यांच्या गाडीला पाणी उपसायच्या पंपाचं इंजिन आहे, हे मिस्त्रींनी मला सांगितलं. तोंडात एकही दात त्यांचा स्वतःचा नाही, हे माझं मला दिसलं.) मग ते हळवे झाले आणि म्हणाले, अख्ख्या क्लबात अस्सल बॅटरी एकाचीच, तुमच्या सासऱ्यांची. काळ्या कडक रबराचा डबा, तीन बुचं, वर शिशाच्या पट्ट्या, कडेने डांबर. बावीस वर्षं तीच. परीक्षकांकडून बॅटरीला दहापैकी दहा आजवर फक्त त्यांना. गेल्या वर्षी दुसऱ्या एका सदस्याने नव्या बॅटरीवर काळा कागद चिकटवून आणला, तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी सभेत अर्धा तास भाषण केलं आणि त्या गृहस्थांना फेरीत शेवटून दुसरं लावलं. मला आठवतं. ते भाषण मीच तपासून दिलं होतं. 'जे बाहेर तेच आत' हे त्यातलं वाक्य माझं नाही, तुमचं आहे.

अध्यक्षांनी सांगितलं, डांबर फिकं पडलं असेल तर जरा तापवून बोट फिरवा, परीक्षकांना चकाकी आवडते. मी काल दुपारी तेच करत होतो. नियम चार, सतरा आणि एकतीस मला तोंडपाठ आहेत. मी झाकण उघडलं नाही, बाबा. मी नुसतं बोट फिरवलं आणि ते वर आलं.

आत एक छोटी, करड्या रंगाची, बंद डब्याची, कधीच पाणी न लागणारी बॅटरी बसवलेली आहे. दुकानदाराने मला दाखवली होती हुबेहूब तसलीच, फक्त सहा व्होल्टची. भोवती हलू नये म्हणून तुमचा जुना मफलर. आणि तिन्ही बुचांच्या खालून एकेक रबरी नळी निघते, तिन्ही खाली एकत्र होतात आणि डब्याच्या बुडाच्या बारीक भोकातून गाडीच्या पोटाखाली उघडतात.

मी तिथेच फरशीवर बसलो. एकोणीस वर्षांचे रविवार मोजायचा मोह झाला तो आवरला. दर रविवारी नऊ वाजता मी नरसाळं धरायचो, तुम्ही चमचा धरायचात. हात हलवू नका, बुडबुडे येऊ देऊ नका, श्वास रोखा, असं म्हणायचात. मी श्वास रोखायचो. एकदा ताप असताना अंथरुणातून उठून आलो होतो. आणि सगळं पाणी नळीतून सरळ फरशीवर जात होतं. आत्याबाईंना घाम कसा येतो ते मला काल कळलं. राग आला, हे लपवत नाही. मग जरा वेळाने हसूही आलं, कारण पाणी पडताना तुमचा चेहरा कसा गंभीर असायचा ते आठवलं. (ताई, इथे जरा थांबून त्यांच्याकडे बघा. आता तो चेहरा कसा आहे ते मला कळवा.)

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी उघडा डबा पाहिला आणि आपली सुटका झाली अशा सुरात सगळं सांगून टाकलं. डबा अस्सल, पण आतली मूळ बॅटरी तुम्ही क्लबात शिरायच्या आधीच मेली होती. आतली नवी त्यांनी आजवर सहा वेळा बदलली, शेवटची गेल्याच वर्षी. त्यांना तुम्ही शपथ घातली होती. त्यांनी ती भरून, यंत्र लावून बघितलं तर आतली बॅटरी एकदम ठणठणीत. मग उतरते का, असं विचारल्यावर त्यांनी एक वायर सोडली आणि खुंटाला हलकेच टेकवली. बारीक ठिणगी उडाली. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, तरी ठिणगी. मिस्त्री म्हणाले, "बॅटरीचा दोष नाही. गाडीत कुठेतरी काहीतरी चालू आहे, तेच तिला पितंय. ते शोधा."

तेवढं शोधायचं राहिलं आहे. उद्या सकाळी उजेडात बघतो. डबा मी पूर्ववत बंद केला आहे, डांबर फिरवलं आहे, मफलर तुमचाच परत आत ठेवला आहे. गुरुवारी गाडी पहिल्या सेल्फला लागेल, असा माझा प्रयत्न राहील. औषधाचे थेंब वेळेवर घालावेत, समोरच्या गच्चीकडे फार वेळ पाहू नये. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा जावई
(नरसाळं धरणारा)

ता.क. रविवार, सकाळी साडेदहा. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून लिहितो. सापडलं. डिकीतला छोटा दिवा. झाकण लावलं की तो कोणाला दिसत नाही, त्याचं बटण वेगळं आहे आणि ते चालू होतं. डिकी उघडली तर आत रद्दीचे गठ्ठे आणि त्यांच्या मागे तो दिवा निवांत जळत होता, काच हाताला गरम. मी बंद केला. मागे वळून बघतो तर तुमची लेक हातात चहाचे दोन कप घेऊन उभी. एवढ्या आठवड्यांत ती दर सोमवारी सकाळी डिकीत रद्दी ठेवायला जायची. घरात रद्दीला जागा असताना डिकीत का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "दिवा मीच लावायचे."

दुसरा ता.क. ताई, यापुढे कंस नाहीत. सगळं मोठ्याने वाचा.

बाबा, गेल्या वर्षीच्या फेरीत दिव्याचा खांब आडवा आला, हे आपण सगळे वर्षभर बोलतो आहोत. नगरपालिकेला तुम्ही पाठवलेली तक्रारही मी तपासली होती, त्यात तो खांब जवळजवळ चालत आला होता. तुमच्या शेजारी त्या दिवशी तुमची लेक बसली होती. तिने आज मला सांगितलं की खांबाच्या आधी रस्ता ओलांडणारी एक बाई होती, हातात बाबागाडी. ती तुमच्या डाव्या अंगाला होती. तुम्हाला ती दिसली नाही. ही ओरडली म्हणून तुम्ही वळलात आणि वळलात म्हणून खांब. ती बाई पुढे निघूनही गेली, तिला काही कळलं नाही. कोणाला सांगू नकोस, असं तुम्ही हिला म्हणालात आणि वर्षभर हिने ते एकटीने पोटात ठेवलं. मलाही सांगितलं नाही. ताईंचं ते पाकीटही तिने आज मला वाचायला दिलं. डाव्या डोळ्याला आता काही येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, आणि हे बाबांना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होत नाही, असं ताईंनी खाली लिहिलं आहे. म्हणजे ताई आमच्यावर सोपवतात, आम्ही ते ताईंनाच वाचायला लावतो, आणि मधल्या मधे आठ आठवडे एक दिवा जळतो. ही मला म्हणाली, "गाडी सोडा असं त्यांना म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गाडीनेच त्यांना सोडलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा खरी विनंती ही. आत्याबाई आज पहिल्या सेल्फला लागल्या आहेत. दोन्ही वायरी जाड आहेत, प्लस अंगाला आहे, दिवा बंद आहे. रविवारी फेरीत त्या सगळ्यांच्या पुढेच जातील आणि तुम्ही त्यांच्यातच असाल, फक्त डावीकडच्या सीटवर. स्टिअरिंगवर मी नाही. माझं पुढचं राहू दे. स्टिअरिंगवर तुमची धाकटी लेक. आज सकाळी तिने आत्याबाईंना कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणलं. गिअर बदलताना ती तोंडाने तुमच्यासारखंच पुटपुटते, आणि तुम्ही हे तिला कधी शिकवलं नव्हतं असं ती म्हणते. मी मागे बसलो होतो, नरसाळं मांडीवर. क्लबात बॅटरीबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. त्या काळ्या कागदवाल्या गृहस्थांना मात्र यंदा जरा पुढे घ्या. परीक्षक आले की आपण दोघं नऊ वाजता करतो तसंच करू, मी नरसाळं धरेन, तुम्ही चमचा. मी श्वासही रोखेन.

तिसरा ता.क. तुमच्या लेकीने पत्र वाचलं आणि पेन मागून घेतलं:

बाबा, दिवा मी लावला. परत आल्यावर हवं तेवढं रागवा. पण शेजारी बसा.

वरची तीन वाक्यं तिच्या हातची आहेत. मी त्यात काहीही दुरुस्त केलेलं नाही.